घरचा हिशेब : जास्त कापलेला कर परत मागावा, आणि तोही व्याजासकट



या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. शब्द वेगळे, दुखणं एकच. "सासूबाईंच्या ठेवीच्या व्याजातून बँकेने कर कापला. त्यांचं उत्पन्न कर भरण्याइतकं नाहीच. हे पैसे परत मिळतात का, की गेले ते गेले?" कुणी आईच्या ठेवीबद्दल विचारते, कुणी एकट्या राहणाऱ्या आत्याबद्दल, तर कुणी स्वतःच्या शिकवणीच्या किंवा शिवणाच्या कमाईबद्दल. आणि पत्राचा शेवट बहुधा ठरलेला असतो : "रक्कम तशी फार नाही. घरातले म्हणतात, जाऊ दे."

आज या 'जाऊ दे'बद्दलच लिहायचं आहे. त्यासाठी आधी एका मोठ्या कंपनीची गोष्ट सांगते. कोर्टाची गोष्ट म्हणून पान उलटू नका हं! त्यात आपल्या कामाचं बरंच आहे.

पहिल्यांदा हा टीडीएस म्हणजे काय ते नीट समजून घेऊ. आपल्याला कुणीतरी पैसे देणं लागतो. बँक व्याज देणं लागते, संस्था मानधन देणं लागते. कायदा त्या देणाऱ्याला सांगतो, सगळे पैसे हातावर ठेवू नकोस. त्यातला ठराविक हिस्सा आधी काढ, घेणाऱ्याच्या नावाने सरकारात भर, आणि उरलेले दे. म्हणजे यात माणसं तीन : देणारा, घेणारा आणि सरकार. कापलेले पैसे असतात घेणाऱ्याच्या कमाईतले, कापायची जबाबदारी देणाऱ्याची, आणि तिजोरी सरकारची. वर्षअखेर हिशेब होतो. कर जास्त भरला गेला असेल तर सरकारने तो परत करायचा. इतकं साधं आहे. पण जिथे तिघांचा हात लागतो तिथे घोळ व्हायला कितीसा वेळ लागतो?

आता ती कंपनी. मिठापूरला मीठ आणि सोडा बनवणारी टाटा केमिकल्स आपल्या सगळ्यांच्या परिचयाची. या कंपनीने डेन्मार्कच्या हॅल्डोर टॉप्सो नावाच्या कंपनीकडून तांत्रिक सेवा घेतली होती. सेवेच्या मोबदल्याखेरीज त्या परदेशी कंपनीला झालेल्या खर्चाची भरपाईही करून द्यायची होती. परदेशी पैसे पाठवताना किती कर कापायचा, हे कंपनीने रीतसर आयकर अधिकाऱ्याला विचारलं. अधिकाऱ्याने १९९७ साली हुकूम दिला, वीस टक्के कापा आणि मगच पैसे पाठवा. कंपनीने कापले आणि भरले. रक्कम सुमारे दोन लाख रुपये.

हुकूम पाळला, पण कंपनीला तो पटला नव्हता. तिचं म्हणणं काय, ते घरच्या उदाहरणाने सांगते. आपल्याकडे प्लंबर येतो. त्याची मजुरी ही त्याची कमाई. पण आपल्या सांगण्यावरून त्याने दुकानातून नवा नळ आणला, पावती दाखवली आणि तेवढेच पैसे आपण त्याला दिले, तर नळाचे ते पैसे काही त्याची कमाई नव्हेत. आधी त्याच्या खिशातून गेले, मग आपण भरून दिले, एवढंच. तसंच खर्चाची भरपाई म्हणजे परदेशी कंपनीचं उत्पन्न नव्हे. आणि उत्पन्नच नाही तर त्यावर कर कसला? कंपनी अपिलात गेली. अपील अधिकाऱ्याने हे म्हणणं मान्य केलं आणि कापलेला कर परत करायला सांगितलं.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण खरी गोष्ट इथेच सुरू झाली. कंपनीने मागितलं, मुद्दल द्या आणि इतके दिवस ते तुमच्याकडे राहिलं त्याचं व्याजही द्या. आयकर खात्याने व्याजाला नकार दिला. कारणं दोन. एक, १९६१ च्या आयकर कायद्यातलं परताव्यावरच्या व्याजाचं कलम, २४४-अ, हे करदात्यासाठी आहे. तुम्ही कुठे करदाते? तुम्ही तर फक्त कापणारे! ज्याचं उत्पन्न तो करदाता, आणि तो तिकडे डेन्मार्कात. दुसरं, अशा परताव्याबद्दल केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची १९९८ आणि २००० सालची परिपत्रकं आहेत, आणि त्यांत कापणाऱ्याला व्याज द्यायची तरतूद नाही.

जरा विचार करा. कर भरताना देणारा सरकारला बरोबर सापडतो. "तू काप, तू भर, नाही भरलास तर दंडही तुलाच." आणि परत द्यायची वेळ आली की तोच देणारा परका होतो!

वाद एकेक पायरी चढत गेला. अपील न्यायाधिकरणाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला, मुंबई उच्च न्यायालयाने तो कायम ठेवला, आणि आयकर खातं सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथला निकाल लागला २०१४ च्या फेब्रुवारीत. कर कापला १९९७ साली. मधल्या काळात त्या वर्षी जन्मलेलं मूल कॉलेजात जायच्या वयाचं झालं.

निकाल कंपनीच्या बाजूने लागला. न्यायालयाने जे सांगितलं त्याचा मथितार्थ असा. सरकारने जे पैसे हक्क नसताना घेतले, ठेवून घेतले आणि वापरले, ते परत करताना त्या वापराची भरपाई देणं सरकारवर बंधनकारक आहे; एखाद्या सामान्य माणसावर असतं तसंच. परत करायच्या जबाबदारीतच व्याजाची जबाबदारी येते. कंपनीने तो कर आपल्या मर्जीने भरला नव्हता, अधिकाऱ्याच्या हुकमाने भरला होता. म्हणून कर ज्या तारखेला भरला त्या तारखेपासून व्याज द्या. आणि व्याज म्हणजे सरकारने केलेली मेहेरबानी नव्हे, ती नुकसानभरपाई आहे.

नुसता एका कंपनीचा फायदा होऊन हे थांबलं नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये कर मंडळाने नवं परिपत्रक काढून या निकालाप्रमाणे व्याज द्यायचं मान्य केलं, आणि २०१७ साली कायद्यातच दुरुस्ती होऊन कर कापणाऱ्यालाही परताव्यावर व्याज मिळेल असं पोटकलम आलं. एकाने धरून लावलं आणि वाट सगळ्यांसाठी झाली.

याच्याही आधी आपल्या पुण्याजवळची सँडविक एशिया ही कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली होती. तिथे प्रश्न टीडीएसचा नव्हता, आगाऊ भरलेल्या कराचा होता. परतावा आणि त्यावरचं व्याज खात्याने बारा ते सतरा वर्षं अडकवून ठेवलं होतं. २००६ साली न्यायालयाने इतक्या विलंबाबद्दल कंपनीला भरपाई द्यायला लावली. त्यावरून अनेकांना वाटलं, आता व्याजावरही व्याज मागता येईल. पण २०१३ साली गुजरात फ्लुओरोकेमिकल्सच्या प्रकरणात न्यायालयाने खुलासा केला, की कायद्यात लिहिलंय तेवढंच व्याज मागता येतं, त्यापलीकडे नाही. हे मुद्दाम सांगते, कारण अर्ध्या माहितीवर कुणी मोठी आशा लावून बसू नये.

आता तुम्ही म्हणाल, ते मोठे लोक. त्यांच्याकडे वकील, त्यांच्याकडे हिशेबनीस. आम्हाला कोण विचारतंय? पण बघा, त्या एवढ्या मोठ्या कंपनीला दोन लाखांवरचं व्याज म्हणजे काय होतं? आपल्या घरात चहापत्तीला लागेल तेवढंही नसेल. तरीही तिने 'जाऊ दे' म्हटलं नाही. आणि आपल्याकडे जिच्या औषधांचा महिन्याचा खर्च व्याजातून निघतो, त्या म्हातारीच्या पैशाला आपण 'जाऊ दे' म्हणतो! शिवाय आपल्याला कोर्टात जायचंच नाहीये. आपला प्रश्न बहुतेक वेळा एका विवरणपत्राने सुटतो.

समजा, साठीपुढच्या एका बाईंची पंधरा लाखांची ठेव आहे. सात टक्क्यांनी वर्षाचं व्याज झालं एक लाख पाच हजार. बाकी थोडंसं कुटुंब निवृत्तिवेतन. सगळं मिळूनही उत्पन्न कराच्या मर्यादेच्या पुष्कळ खाली. २०२५ च्या एप्रिलपासून ज्येष्ठ नागरिकांच्या बाबतीत बँकेचं वर्षाचं व्याज एक लाखाच्या वर गेलं की कर कापायचा असं ठरलं. इतरांसाठी ही मर्यादा पन्नास हजार. म्हणून बँकेने दहा टक्के, म्हणजे साडेदहा हजार रुपये कापले. पॅन दिलेला नसता तर वीस टक्के कापले असते. बाईंना देणं असलेला कर शून्य, म्हणजे हे साडेदहा हजार पूर्णपणे त्यांचे. विवरणपत्र मुदतीत भरलं, तर ते वर्ष संपल्यानंतरच्या १ एप्रिलपासून परतावा मिळेपर्यंत दरमहा अर्धा टक्का व्याज धरलं जातं. म्हणजे महिन्याला साडेबावन्न रुपये. सप्टेंबरअखेर पैसे आले तर सहा महिन्यांचे तीनशे पंधरा. लहान रक्कम आहे, पण हक्काची आहे. मात्र विवरणपत्र उशिरा भरलं तर ते भरल्या तारखेपासूनच व्याज मोजतात, आणि उशीर आपल्यामुळे झाला असेल तर तेवढा काळ वगळतात. आणखी एक नियम. परतावा एकूण ठरलेल्या कराच्या दहा टक्क्यांहून कमी असेल तर व्याज नाही.

मी एका खाजगी संस्थेत अर्धवेळ शिकवत होते तेव्हाचा अनुभव सांगते. वर्षाचं मानधन छत्तीस हजार, त्यातून छत्तीसशे कापले. विवरणपत्र भरताना पाहते तर सरकारी नोंदीत माझ्या नावावर एक पैसाही जमा नाही! चौकशी केली तेव्हा कळलं, संस्थेच्या कारकुनाने माझ्या पॅनमधलं एक अक्षर चुकीचं भरलं होतं. माझे पैसे कुणा तिसऱ्याच क्रमांकावर. पहिल्यांदा विचारलं तेव्हा "मॅडम, आम्ही तर कापून भरलेत, आता आमचं काम संपलं" असं उत्तर मिळालं. मी पगाराची चिठ्ठी आणि पॅनची प्रत लावून लेखी अर्ज दिला, पोच घेतली, आणि दर सोमवारी फोन लावला. पाचव्या सोमवारी त्यांनी दुरुस्तीचं पत्रक भरलं. 'हे' म्हणायचे, "छत्तीसशेसाठी किती फोन करशील?" मी म्हटलं, "अहो, महिनाभराहून जास्त दिवस शिकवलंय मी त्यासाठी." पैसे आले. त्यातून मी काय आणलं ते महत्त्वाचं नाही, पण माझ्या खात्यात आले हे महत्त्वाचं.

म्हणून आता कामाच्या गोष्टी क्रमाने देते. कापून कपाटाच्या दारावर लावल्यात तरी चालेल.

१. उत्पन्न करपात्र नसेल तर दरवर्षी एप्रिल महिन्यातच बँकेत तसं घोषणापत्र द्या. साठीच्या आतल्यांचं '१५-जी' आणि साठीपुढच्यांचं '१५-एच' अशी त्यांची वर्षानुवर्षांची ओळख. एकदा दिलं की कायमचं झालं असं नाही, दर वर्षी नव्याने द्यावं लागतं. ठेवी दोन-तीन बँकांत असतील तर प्रत्येक ठिकाणी द्या. पण उत्पन्न खरोखर करपात्र असेल तर देऊ नका. खोटं घोषणापत्र हा गुन्हा आहे.

२. बँकेने कापून सरकारात भरलेला कर बँक परत देऊ शकत नाही. तिथल्या साहेबांशी भांडून उपयोग नाही. तो विवरणपत्र भरूनच मागायचा.

३. बँकेकडून किंवा संस्थेकडून कापलेल्या कराचा दाखला मागून घ्या. तो देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. मग आयकराच्या संकेतस्थळावर आपल्या नावाचं जमापत्रक, ज्याला सगळे 'सव्वीस-एएस' म्हणत आले, त्याच्याशी ताडून पाहा. दाखला आणि जमापत्रक जुळत नसेल तर दुरुस्ती कापणाऱ्यानेच करायची असते. त्याला लेखी कळवा आणि पोच घ्या.

४. जोडनावाची ठेव असेल तर कर सहसा पहिल्या नावाच्या पॅनवर कापला जातो. पैसा सासूबाईंचा आणि पहिलं नाव मुलाचं असेल, तर व्याज आणि कर दोन्ही मुलाच्या हिशेबात दिसतात, आणि सासूबाईंचं घोषणापत्र तिथे कामाला येत नाही. ज्याचा पैसा त्याचं नाव पहिलं ठेवावं. यात कुणावर अविश्वास दाखवण्याचा प्रश्न नाही, हिशेब सरळ राहण्याचा आहे.

५. पॅन आणि आधार जोडलेलं असलं पाहिजे. ते न जोडल्यामुळे पॅन निष्क्रिय झालं असेल तर परतावा थांबतो, आणि त्या काळाचं व्याजही मिळत नाही. २०२३ च्या जुलैपासून हा नियम आला. परतावा थेट बँक खात्यात जमा होतो, म्हणून ते खातं संकेतस्थळावर आधी पडताळून ठेवा. खात्यावरचं आणि पॅनवरचं नाव जुळतंय ना, तेही पाहा. लग्नाआधीचं एका ठिकाणी आणि नंतरचं दुसऱ्या ठिकाणी, यात आपल्या बायकांची कामं फार अडतात.

६. मिळालेलं व्याज हे त्या वर्षाचं उत्पन्न धरलं जातं. मुद्दल आपलंच असल्याने त्यावर कर नाही, पण व्याज पुढच्या विवरणपत्रात दाखवायला विसरू नका.

७. "तुमचा परतावा मंजूर झाला आहे, इथे दाबा" असे निरोप मोबाईलवर आले तर त्यांना हात लावू नका. परतावा देण्यासाठी आयकर खातं कार्डाचा क्रमांक किंवा ओटीपी विचारत नाही. शंका आली तर स्वतः संकेतस्थळावर जाऊन पाहा.

कलमांचे आणि फॉर्मांचे जे क्रमांक मी वर दिले ते १९६१ च्या कायद्यातले. २०२५ साली संसदेने नवा आयकर कायदा मंजूर केला आणि १ एप्रिल २०२६ ही त्याच्या अंमलाची तारीख ठरवली. त्यामुळे क्रमांक बदलले म्हणून गोंधळू नका. बँकेत "कर न कापण्याचं घोषणापत्र" म्हणून मागा, म्हणजे ज्या वर्षाचं जे असेल ते मिळेल.

एक गोष्ट मात्र मनाला खटकते, ती लिहिल्याशिवाय राहवत नाही. १९६१ च्या कायद्यात आपण कर भरायला उशीर केला तर आपल्याकडून दरमहा एक टक्का व्याज घ्यायचे, आणि सरकारने परत द्यायला उशीर केला तर आपल्याला दरमहा अर्धा टक्का. एकाच दुकानात घ्यायचं माप वेगळं आणि द्यायचं वेगळं! हे बदलायला हवं, असं मला वाटतं. पण ते बदलेल तेव्हा बदलेल. तोवर जो अर्धा टक्का कायद्याने दिलाय तो तरी सोडू नका.

घरातल्या वडीलधाऱ्या बायका पैशाचं तोंडाने मागत नाहीत. "राहू दे गं, कशाला त्रास" म्हणतात. त्यांच्या या म्हणण्याचा अर्थ त्यांना पैसे नकोत असा नसतो. मुलांना आणि सुनांना खेटे घालायला लावायचा त्यांना संकोच वाटतो. म्हणून त्यांनी मागायची वाट पाहू नका. या रविवारी दुपारी त्यांच्या ठेवींच्या पावत्या, पॅन आणि पासबुक घेऊन त्यांच्याजवळ बसा. कर कुठे कापलाय ते दोघी मिळून पाहा. आणि परतावा आला की तो त्यांच्याच खात्यात, त्यांच्याच हाती राहू द्या.

पुढच्या खेपेला ठेवींवरच्या वारसनोंदीबद्दल लिहीन. तुमचे प्रश्न असतील तर थोडक्यात आणि सुवाच्य अक्षरात पाठवा. मात्र पॅनचा किंवा खात्याचा क्रमांक पत्रात लिहू नका बरं का!